रकाना क्रमांक अकरा

पोर्टल पाचला बंद होणार.
आता दोन वाजून वीस.
सड्यावरच्या माझ्या खोलीत पंखा फिरतो आहे
आणि सकाळीच पुसलेल्या टेबलावर
पुन्हा बसली आहे ती,
प्रस्तावाच्या छापील प्रतीवरही,
नेमकी अर्जदाराच्या सहीपाशी.

गेल्या वर्षी नाकारला.
कारण एका ओळीत : विषय फार स्थानिक.
क्लिओफासला ती ओळ वाचून दाखवली,
तो प्रयोगशाळेत बाटल्या धूत होता.
म्हणाला, "टीचर, फुप्फुसां स्थानिकच आसतात न्हय?
म्हजीं तर हांगाच आसात."
आणि ओल्या हातानं छातीवर थापटलं.

म्हणून यंदा वास्को हा शब्द
सतरा ठिकाणी खोडला,
तिथे लिहिलं : बंदरालगतची किनारी वस्ती.
खारीवाड्याचं झालं अभ्यासक्षेत्र अ.
पिएदादचं झालं
स्त्री, वय चोपन्न, धूम्रपान नाही, व्यवसाय मासळीविक्री.
तिची खिडकी मात्र कुठे बसेना.
खिडकीच्या फळीवर नातू बोटानं होडी काढतो,
रोज नवी,
कारण कालचीवर रात्रीतून कोळसा.

रकाना चार : संशोधनातील पोकळी.
शब्दमर्यादा दोनशे.

रकाना सहा : नियंत्रण गट.
म्हणजे जिथली हवा चांगली, असं गाव द्या.
मी दोन बसा बदलून नेत्रावळीला गेले होते,
सुकांती वेळीपनं नळीत जीव खाऊन फुंकलं,
काटा पिएदादच्याही खाली थांबला.
"वारें बरें आमचें," ती म्हणाली,
"रांदचेकुडींत सोडून."
आत ओली लाकडं धुमसत होती,
चहा तिनं त्याच धुरात केला, मी तो प्याले,
आणि परतीच्या बसमध्ये
माझा नियंत्रण गट खोकत खोकत हातचा गेला.

अंदाजपत्रक. यंत्र, फिल्टर कागद, जीएसटी,
तीन पुरवठादारांची तीन कोटेशनं
(तिन्हींवर एकच फोन नंबर).
दिवसाचा धंदा सोडून
पिएदाद यंत्रापाशी बसेल, त्याचे साडेतीनशे
कुठल्या शीर्षाखाली दाखवू?
लेखा विभागातले उसगावकर चष्मा काढून म्हणाले,
"याला प्रलोभन म्हणतात, मॅडम."
ते मी आकस्मिक खर्चात घातले.

आणि ते यंत्र,
उसनं आणलेलं, प्राथमिक नोंदींपुरतं,
बारा रात्री तिच्या बाल्कनीत घरघरत होतं.
पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं,
"हें वारें बरें करता?"
म्हटलं, नाही. मोजतं.
"फकत मेजता?"
मी फिल्टर बदलत राहिले.

नववा कागद पांढराशुभ्र निघाला.
आठ काळे, मग हा.
तिनं रात्री यंत्रावर टॉवेल पांघरला होता,
जाड, पिवळा, कडेला विणलेली फुलं.
"ताका धुल्ल लागता न्हय?"
मी काही बोलले नाही.
नमुना क्रमांक नऊ, रद्द.
कारण : टॉवेल.
सगळ्या तक्त्यात तेवढी एकच स्वच्छ रात्र,
आणि ती मलाच वगळावी लागली.

चार चाळीस.
रकाना अकरा : अपेक्षित लाभार्थी.
धोरणकर्ते, लिहिलं.
आरोग्य यंत्रणा, लिहिलं.
स्थानिक समुदाय, लिहिलं, मग
स्थानिक खोडलं.
समुदाय एकटाच उरला,
कुठलाच नसलेला.

चार बावन्नला बटण दाबलं.
गोल फिरला, फिरला, थांबला.
प्रस्ताव प्राप्त. क्रमांक जपून ठेवावा.
पेन सापडेना.
पडदा मिटायच्या आत
आठ आकडे टेबलावरच
बोटानं लिहून घेतले.

उद्या शेवंता झाडायला येईल
तेव्हा तिला सांगायला हवं,
एवढा कोपरा
राहू दे.