फक्त दुपारी

अकरा चाळीसला शाळा क्रमांक एकशे चार
एका रुळाच्या तुकड्यावर वाजते.
लांडगेमामा हाणत असतात, तोवर आम्ही सात जण
गाडीतळाच्या थांब्यावर.
बाकीचा वर्ग मराठीच्या तासाला बसतो.
तो तास आम्ही शनिवारी भरून द्यायचा, असं ठरलंय.

संगम पुलावर बस आली की मी वेणीची रिबीन सोडते.
रिझवाना सोडत नाही.
म्हणते, फुकट चाललोय, चोरून नाही.
ओळखपत्रावर शिक्का : शालेय विद्यार्थी, फक्त दुपारी.
गेटवरचा माणूस रोज तेवढंच मोठ्यानं वाचतो, 'फक्त दुपारी',
जणू सकाळी आम्ही दुसरंच काही असतो.

असतो की.
सकाळी मी 'ए धोत्रे, खडू आण'.
दुपारी उपाध्ये मॅडम चष्म्यावरून बघत,
'धोत्रे, तुम्ही सांगा.'
पहिल्या दिवशी मी मागं वळून पाहिलं,
तुम्ही कोण आलंय ते.
मोठा होतो हा शब्द अंगाला.
दादाच्या शर्टासारखा बाह्या दुमडून घालावा लागतो.

मॅडम इंग्रजीत बोलतात, मी मराठीत उतरवते.
ॲक्सिलरेशन, त्वरण.
त्वरण आठवेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते.
लिमिटच्या दिवशी मात्र आमची बाजू वर होती.
एक्स शून्याच्या जवळ जवळ जातो आणि पोचतच नाही,
पुढच्या बाकावरचा मुलगा विचारत राहिला, असं कसं, असं कसं,
आणि रिझवाना माझ्या कानात,
याला आमच्या गल्लीत नळाच्या रांगेत उभा कर.

ॲप्रन आईनं शिवला, गिऱ्हाइकाच्या उरलेल्या पॉपलिनचा,
आणि सवयीनं कडेला पिको मारून ठेवला.
लॅबमध्ये बघायचे सगळे.
ब्युरेटमधून एक थेंब कमी, तर पाणी ते पाणीच.
एक जास्त, की भडक राणी रंग.
मधला फिका गुलाबी मला लागोपाठ दोनदा साधला.
त्यानंतर पिकोकडं कुणी बघितलं नाही.
किंवा बघितलं असेल,
मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

भौतिकशास्त्राची इमारत काळ्या दगडाची.
जिन्यापाशी एका चिऱ्यावर टाकीच्या रेघा
उलट्या बाजूनं तिरप्या, डावखुऱ्या.
आमचा आज्जा डावखुरा होता. घरी सांगितलं.
पप्पा म्हणाले, आपल्यातलाच असंल कुणीतरी.
मग जेवता जेवता म्हणाले, नसंल बी.
शाळेच्या फळ्यावर सुविचार असतो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय वगैरे.
तो ऐकून ते हसले,
घाव दगड कुठं सोसतो, मनगट सोसतं.
टाकी सोडून पंधरा वर्षं झाली, टेम्पो चालवतात,
तरी थंडीत चहाचा कप उजव्यातून डाव्यात घेतात.

दिवाळीनंतर हर्षल आलाच नाही.
मामाच्या गॅरेजवर असतो, बसमधून दिसतो.
आम्ही हात केला की तो पाना वर करतो.
त्याची वही रिझवानाकडं आहे.
ती दोन्ही वह्या लिहिते, त्याची जरा बऱ्या अक्षरात.

शनिवारी शाळा सुटल्यावर मराठीच्या गायकवाड बाई
आम्हा सहा जणांसाठी थांबतात. पंखा बंद, डबा न उघडलेला.
काल सर्वनामं होती.
तुम्ही : अनेकवचन. आदर असेल तर एकवचनही.
धोत्रे, उदाहरण दे.
मला एकच सुचलं. दिलं नाही.
रिझवाना उठली,
'तुम्ही फक्त दुपारी येता.'
आम्ही हसलो, लांडगेमामासुद्धा दारातून.
बाई हसल्या नाहीत.
त्यांनी वाक्य फळ्यावर नीट लिहिलं,
'फक्त'खाली रेघ ओढली
आणि वर्गाकडं वळून विचारलं,
हा शब्द काढला तर?

खाली मैदानात कुणीतरी
रुळाच्या तुकड्यावर उगाच एक दगड मारून पळालं.