पेंड

शिरोळच्या क्षारपडीत
उसानं मान टाकली तिथं आमचं तळं.
रत्नागिरीची मासळी-भुकटी यायची,
टेम्पोच्या आधी वास आंबा घाट चढायचा.
समुद्र न बघितलेल्या चिलापीला
आम्ही समुद्र दळून घालायचो.

औंदा सोयापेंड.
पहिल्या दिवशी तोंडात धरली,
थुंकली.
हौसाक्का काठावरनं: ‘माशांनी माळ घातली व्हय गं?’

मग भुकटीची मूठ मी
आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केली,
धाकट्याचं अंगावरचं तोडलं
तशीच, गुपचूप.

काल तिन्हीसांजेला
पाणी उकळल्यागत झालं.
वजन? काट्यावर थोडं कमीच.
पण हात धुतले की आता
वास राहत नाही,
आणि मांजर
माझ्या मागं येत नाही.