केसभर पुढे

व्हर्लिन स्टिडमला मी आठवड्यातून तीनदा
डायलिसिसला नेते. ते माझं काम, त्याचे पैसे मिळतात.
शनिवारी नेते ते फुकट:
पेट्रोल त्याचं, शिव्या दोघांच्या,
मागच्या सीटवर चीजचं सँडविच,
जे त्याला डॉक्टरांनी मना केलंय.

आम्ही एक बँड शोधतोय.
अट एवढीच, की तो आत्ता जिवंत असावा.
मेलेले त्याच्याकडे आहेत, चार खोकी तबकड्या;
पुराच्या रात्री त्यानं आधी त्या माळ्यावर चढवल्या,
मग बायकोला हाक मारली. (ती अजून सांगते हे, सगळ्यांना.)
"मेलेल्यांना टाळी ऐकू जात नाही," तो म्हणतो.
त्याचाही डावा कान कोळशाच्या खाणीत राहिला,
उजवा निम्माच वर आला.

रेटा हवा. रेटा.
जलद वाजवणं म्हणजे रेटा नव्हे,
एवढं मला समजावण्यात त्याचा अख्खा एप्रिल गेला.
डॅशबोर्डवर बोट आपटायचा: हा ठोका.
आता हा बघ, त्याच्या केसभर पुढे.
ब्रेक तुटलेला ट्रक नाही गं,
ब्रेकवर पाय आहे
पण दाबलेला नाही, असा ट्रक. घाटात. भरलेला.

पाऊंडच्या अग्निशमन ठाण्यात, तळलेल्या माशांच्या जेवणाला,
पाच पोरं, काळजीपूर्वक विस्कटलेल्या दाढ्या, पायाशी पेडलं.
एकाच सुरावर तरंगत राहिली, ढगासारखी.
"छान," व्हर्लिन म्हणाला.
त्याच्याकडचा हा सगळ्यात वाईट शब्द.

ब्रिस्टलच्या अलीकडे एका मैदानात
ड्रम दिसले. त्यानं खुर्ची मिटली.

मग ती वायनरी, सपाट केलेल्या डोंगराच्या डोक्यावर,
जिथं त्यानं अकरा वर्षं कोळसा उपसला
तिथं द्राक्षं.
बँडनं जुन्या धाटणीचे सूट शिवलेले, टोप्या, एकच मायक्रोफोन,
त्याच्याभोवती सगळे अगदी बरोब्बर वळत होते.
मला आवडलं, खरं सांगते.
"कपडे पाठ केलेत," तो म्हणाला.

ऑक्टोबरात कोबर्नच्या पुढे एका टायरच्या दुकानात
कुणाच्या तरी जळलेल्या घरासाठी वर्गणी होती.
आम्ही उशिरा पोचलो. दारातच तो थबकला.
बँजोवर ट्रिशेल.
डायलिसिसची ट्रिशेल, जी दोन वर्षं
त्याच्या दंडात जाड सुया खुपसतेय
आणि एका शब्दानं बोलली नव्हती.
कामावरचाच निळा डगला, बोटांत लोखंडी नख्या.
बास तिच्या भावाकडे; मँडोलिनवर शाळेच्या बसचा ड्रायव्हर,
मान खाली, तारांवर कुऱ्हाड घातल्यासारखा
ठोक्याठोक्यामधली फट तोडत होता.
आणि ती त्या फटीत शिरत होती,
केसभर आधी, दर वेळी,
जशी तिला न चाचपडता शीर सापडते.

व्हर्लिननं कानातलं यंत्र काढलं, खिशात टाकलं.
पत्र्याच्या शटरवर पंजा ठेवला.
शटर थरथरत होतं.
तो तसाच उभा, अर्धा तास, डॉक्टरनं छाती तपासावी तसा,
फक्त उलटा: छाती पत्र्याची, आणि रोगी हा.
मला या गाण्यांचं कधीच काही नव्हतं.
पण शेवटाला पाहिलं तर माझा उजवा पाय
तिथं नसलेल्या ॲक्सिलरेटरवर दाबलेला.

परतताना एक शब्द नाही. "छान" सुद्धा नाही.
सँडविच तसंच राहिलं.

सोमवारी खुर्चीत बसून त्यानं बाही सारली.
"तिसऱ्या गाण्यात मागे पडलीस."
"माहितेय," ट्रिशेल म्हणाली, "मँडोलिन ओढत होता."
"मँडोलिनवर ढकलू नकोस."
"नाही ढकलत. हात सैल सोडा."

तिनं सुई उचलली.
आणि टोचायच्या केसभर आधी
व्हर्लिननं डोळे मिटले.