चार एक सात

चॅपल विकलं गेलं. तिथे आता फ्लॅट होणार.
तळघरातल्या कोळशाखालून कंत्राटदार गेथिनला
सायकलची एक फ्रेम मिळाली. चाकं नाहीत, चिमटा वाकडा.
"तू जुन्या माउंटन बाइक जमवतोस ना," म्हणाला,
"नेतोस, की भंगारात टाकू?"
नेली.

शेडमध्ये टांगली तेव्हा ती काळी होती.
काळी तरी कशी, ब्रशने फासलेली, घाईघाईत,
ओघळ जिथल्या तिथे वाळलेले,
नळीच्या पोटाशी ब्रशचा एक केस चिकटून बसलेला.
मी नावं ठेवली. इतक्या चांगल्या पोलादाला
कुणी फाटकाचा रंग देतं का?

जेल लावलं, प्लास्टिक गुंडाळलं, चहा करून आलो.
रंग सायीसारखा सुरकुतला होता.
पात्याने ओढला की लांबच लांब पट्टी सुटायची.
त्याखाली पिवळा.
पिवळ्यावर गुलाबी शिंतोडे,
एकोणनव्वद साली आम्ही ज्याला सुंदर म्हणायचो, तसे.
आणि वरच्या नळीला, हँडलपासून वीतभर अंतरावर, खोक.
अंगठा आपोआप तिच्यात बसला.

हात धुतले. परत आलो. खोक तिथेच.

ती मी पाडली होती, सोळाव्या वर्षी,
बंद पडलेल्या स्लेटच्या खाणीच्या उतारावर.
दोन उन्हाळे मेंढ्यांची लोकर उचलून घेतलेली सायकल
त्याच हिवाळ्यात चोरीला गेली.
मी पोलिसांना नाव सांगितलं : डिल्विन,
कौन्सिलच्या घरांतला.
तो तिच्याकडे बघत उभा राहायचा.
एवढंच कारण.

काळ्या पट्ट्या वर्तमानपत्रावर वाळत होत्या.
तो काळा माझ्या ओळखीचा.
चॅपलच्या कठड्याला दर ईस्टरआधी तोच लागायचा,
आणि लावायचा एकच माणूस.
तळघराची किल्लीही त्याच्याच खिशात.
त्या वर्षी इमरिसचा मुलगा त्याच उतारावरून पडला,
आणि वडिलांनी त्याच्या पेटीला एक खांदा दिला.
त्यानंतर जेवताना ते माझ्या गुडघ्यांकडे बघायचे.
रंगवून ती कुणाला देणार होते,
की नुसती ओळख पुसायची होती?
मी डिल्विनचं नाव घेतलं तेव्हा
तेही त्या खोलीत होते. टोपी हातात धरून.
आता विचारू कुणाला? सतरा वर्षं झाली,
ते स्लेटखाली आहेत.

उघडं पोलाद आमच्या हवेत रात्रीतून गंजतं.
अस्तर लगेच मारायला हवं,
आणि पंचवीस मैलांत स्प्रेची खोली एकाकडेच.
चौतीस वर्षं, गाडीला पोचा आला तरी,
मी ती समुद्राकाठच्या गॅरेजला नेत आलोय.

डिल्विनने मास्क कपाळावर सरकवला.
फ्रेम उजेडाकडे धरली, सांध्यांवरून बोट फिरवलं.
"छान घासलीयस."
मी म्हटलं, तळाचा नंबर रंगात बुजवू नकोस.
त्याने फ्रेम उलटीसुद्धा केली नाही.
"चार एक सात," म्हणाला. "शेवटचे आकडे.
तीनदा विचारला होता त्यांनी. तिसऱ्यांदा पाठच झाला."

तेवढ्यात कॉम्प्रेसर आपणहून सुरू झाला
आणि मी जे बोललो ते त्यात गेलं.
तो बंद पडेपर्यंत डिल्विन थांबला.
मला सगळं पुन्हा बोलावं लागलं,
वडिलांसकट.

"अस्तराचे वेगळे पडतील," तो म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने, "खोक भरू?"
नको.

गुरुवारी आणली. पिवळी, एक ओघळ नाही.
शिंतोडे त्याने मारले नाहीत,
ते म्हणे ज्याचे त्याने मारायचे.
मी पुठ्ठ्यावर सराव करतो. ब्रश मनगटावर आपटतो.
थेंब मोठे पडतात, किंवा पडतच नाहीत.
फ्रेम अजून तशीच टांगलेली आहे.
बाकावर तो ब्रशचा केस आहे,
टोकाला काळा.
झाडताना मी तेवढी जागा सोडतो.