आज किती फूट

त्या ऑगस्टात मी नियंत्रण कक्षात होते,
फोन क्रमांक तीनवर.
कोयनेतून किती क्यूसेक सुटलं, आयर्विनला किती फूट,
दर तासाला फळ्यावर खडू, आणि माझ्या तोंडात तोच आकडा
गरम घासासारखा : गिळता येत नाही, थुंकता येत नाही.
चाळीसला इशारा. पंचेचाळीसला धोका.
आकड्यांना मी कधी घाबरले नाही. आवाजांना घाबरले.

सांगलीवाडीहून एक म्हातारे, अर्ध्या अर्ध्या तासाला,
"ताई, पाणी किती?"
आदगोंडा बिरनाळे. शेवटचा फोन रात्री पावणेतीनला.
"माळ्यावर चढलोय, शेळीपण घेतलीय वर, पाणी कि..."
आणि पुढे नुसतं टूं टूं.
नोंदवहीत वेळ लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात
काय लिहायचं सुचलं नाही. एक टिंब दिलं
आणि पुढचा फोन घेतला.

पाणी उतरलं. गाळ काढला, फिनेल मारलं,
पेठेतल्या भिंतींवर पुरुषभर उंच तांबूस रेघ राहिली.
माझी रेघ कुठवर होती ते कुणाला दिसेना.

आधी दाढ दुखली.
दातांचे डॉक्टर म्हणाले, "झोपेत दात खाता तुम्ही. कुणावर?"
मग मान आखडली. मग छातीत जळजळ,
शेजारच्या काकू म्हणाल्या पित्त आहे, कोकम घे.
कंगव्यात केसांचा गुंता, पाळी दोन महिने गायब,
दंडाला पट्टा आवळला की वरचा आकडा एकशे सत्तर.
नवरा म्हणाला, मीठ कमी कर.
केलं. तरी फोन वाजला की भाजी करपायची,
मी ओट्याशी उभी, हात गार, डाव्या कानात पाणी.
मोबाइल मुका केला, तर कुकरच्या शिट्टीनं दचकले.
पोरगी शाळेतून येऊन म्हणायची, "आई, तू ऐकतच नाहीस."
ऐकत होते गं. तेवढंच तर करत होते.

मिरजेला डॉक्टर तांबोळींकडे गेले, ते कुणाला न सांगता.
स्टँडवर ओळखीचं कुणी भेटलंच, तर
चष्म्याचा नंबर काढायचाय, असं ठरवून ठेवलेलं.
त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, छातीची पट्टी काढली.
मग पेन खाली ठेवून, "नोकरी कसली?"
सांगितली. बाई बराच वेळ गप्प.
"मग तुमच्याच भाषेत विचारते. आज किती फूट?"
मी हसणार होते. तोंडातून निघालं, "त्रेचाळीस,"
आणि रुमाल पुरला नाही.

रात्री अर्धी गोळी. रक्तदाबाची सकाळी, न चुकता.
श्वास चारात आत, सहात बाहेर.
"दरवाजे एकदम उघडत नाहीत, तुम्हाला काय सांगायचं."
दर शुक्रवारी अकराला बोलायला. पहिले तीन शुक्रवार
मी त्यांच्या पंख्याच्या आवाजाबद्दलच बोलले.
वहीत रोजचा आकडा. बेचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस,
त्या दिवशी साहेबांची बैठक होती. एकोणचाळीस. पुन्हा एकेचाळीस.

पाडव्यानंतर त्याच म्हणाल्या, त्या टिंबाला फोन करा.
आठ दिवस लागले. घामानं नंबर दोनदा चुकला.
"कोण? डेअरीतनं का?"
"नियंत्रण कक्षातली. पुरात तुम्ही..."
"हां हां. लई ताया होत्या बघा तिथं." खोकला.
"बॅटरी मेली हो त्या रात्री. शेळी व्याली नंतर, दोन झाली."
मग जरा थांबून, सवयीनं की चेष्टेनं कोण जाणे,
"ताई, पाणी किती?"
मी खिडकीतून बघितलं. आमच्याकडून नदी दिसत नाही.
"अकरा फूट," म्हणाले. अंदाजानं.

रात्री दातांवर अजून तो प्लास्टिकचा साचा चढवते.
बातम्यांत कोयनेचं नाव आलं की आवाज कमी करते.
कॅलेंडरात ऑगस्ट आहेच.
आजचा आकडा लिहायचा राहिलाय,
पोरगी मघापासून काहीतरी सांगतेय,
आधी ते ऐकते.