धुळीला प्रवेश नाही

बावीस वर्षं मी चेहऱ्याला पावडर लावली नाही.
गेटवरच पाटी होती: पावडर नको, लिपस्टिक नको,
सिगारेट ओढून आलेल्यांनी पेलाभर पाणी प्यावं,
थांबावं, मग आत.
बहारोम म्हणायचा, आमची वजू तीन मिनिटांत होते,
तुमचं हे सोवळं कसलं?

पेनांग बेट, बायान लेपास, शेड चार, दुसरी पाळी.
डोळ्यांपुरती फट ठेवून
पांढऱ्या कपड्यांत शिरलेल्या आम्ही एकशे दहा जणी.
चालीवरून ओळखायचो एकमेकींना:
डावा पाय किंचित ओढते ती परमेश्वरी,
कुणीतरी बोलावल्यासारखी चालते ती ओई लिंग,
आणि जिची चाल अजून ठरलेली नाही, ती नवी.

सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीच्या डोक्याएवढं एक डोकं,
त्याला केसाहून बारीक तारा.
ते तबकडीवर टेकत नाही, तरंगतं.
इंजिनियर सांगायचा, मधल्या फटीत
बोटाचा ठसासुद्धा मावणार नाही.
मी मान डोलवायचे.
मला एवढंच ठाऊक होतं, श्वास कुणीकडे सोडायचा.

साऱ्या जगाची लग्नं, साऱ्या जगाचे एक्स-रे,
कुठल्या बँकेतली कुणाची थकबाकी,
सगळं तुमच्या हातांखालून जातं, असं भाषणात म्हणायचे.
छे. आमच्या हातांखालून कोऱ्या तबकड्या गेल्या.
भरलेली आणि कोरी, दोन्हींचं वजन सारखंच भरतं.
एकदा गुपचूप तोलून पाहिलंय.

मग फिरणाऱ्या तबकड्यांचे दिवस भरले.
आता नुसत्या चिपा. त्यांत काही फिरत नाही,
काही तरंगत नाही, पडल्या तरी हूं की चूं नाही.
उरलीसुरली लाइन थायलंडला गेली.
निरोपाला केळीच्या पानात बांधलेला भात,
एक प्रमाणपत्र, त्यात ‘सलबिया’चं ‘सफिया’ झालेलं,
आणि खोक्यात एक टेराबाइट.

टीव्हीजवळ ठेवला. भरायचं काय त्यात?
धाकटा इझ्झू म्हणाला, अडीच लाख फोटो मावतील.
फोनमध्ये निघाले आठशे बारा.
तीनशे मांजराचे,
चाळीसेक चुकून निघालेले, बसच्या छताचे, माझ्या चपलांचे.
सगळे ओतले.
रात्रभर दिवा लुकलुकत राहिला,
एका घासावर उठवलेल्या पाहुण्यासारखा.

एका दुपारी, बालिक पुलाऊच्या घरी,
ओट्यावर मिरच्या वाळत पडलेल्या, पंखा गरगरतोय,
मी चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेतला.
शेवटचा स्क्रू लेबलाखाली लपवलेला असतो,
वर छापलेलं: उघडल्यास हमी रद्द.
तो नेमका कुठे, हे मला विचारा.

झाकण निघालं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर मास्क नव्हता.
मी सरळ तिच्यावर श्वास सोडला.
वाफ धरली, उडाली,
आणि आत एक बाई दिसली, गालाला पीठ लागलेली.
असा आरसा आमच्या घरात कधी नव्हता.

बहारोम धावत आला. अगं, फोटो होते त्यात!
म्हटलं, फोनमध्ये आहेत की.
मग हे कशाला आणलं होतं?
आणलं नव्हतं, म्हटलं, दिलं होतं.

आतला लोहचुंबक फ्रिजच्या दाराला डकवला,
खाली विजेचं बिल.
बिल भरून झालं, पण तो काही सुटत नाही.
बहारोमचं बोट दोनदा चेमटलं.

तबकडी मिरचीच्या रोपावर टांगली, बुलबुल बुजावेत म्हणून.
दोन दिवस नाही फिरकले.
तिसऱ्या दिवशी एक आला,
तिच्यासमोर बसून शेंडी सारखी केली,
इकडे तिकडे पाहिलं,
आणि एक लाल मिरची घेऊन गेला.