गुरुवारच्या आधी

हात धुतलेस? मग बस इथे, टॅम्सिन,
दिव्याच्या अलीकडे. त्यांच्या डोळ्यांवर उजेड नको.
चार आहेत.
कालपर्यंत पाच होती, ते मागाहून सांगतो.

शनिवारी ब्रोकन हिलला शेचाळीस अंश झालं
तेव्हा आई पाण्याच्या ताटलीपाशीच पडली.
बाप आहे. तो बघ तारेवर, लाल चोचीचा,
खेळण्यातली पिपाणी वाजवावी तसा नुसता वाजतोय.
घरट्यात डोकावत नाही.
हसू नकोस. आमची पोरं लहान होती
तेव्हा तुझ्या आजीचं माझ्याबद्दल हेच म्हणणं होतं.

पीठ पातळ कर. आणखी.
चमच्यावरून कस्टर्ड ओघळतं तसं.
मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाक:
गार लागता कामा नये, गरमही नाही,
लागताच कामा नये.
थंड गेलं तर आत तसंच बसेल, आंबेल.
कढत गेलं तर गळा भाजेल
आणि कोणी तुला सांगायला येणार नाही.

आता जीभ टाळूला लावून हलकं टक्, टक्.
बघ.
सगळी एकदम उघडली!
माना मुरगळल्यासारख्या, पार उलट्या,
टाळूवर काळे ठिपके, कडांना पांढरे मणी.
अंधारात आईला तोंड सापडावं म्हणून ते.
आमच्याकडे खाली, खाणीत,
प्रत्येक वळणावर असेच पांढरे पट्टे मारलेले असत.

सुई नाही ती, नुसती नळी आहे.
चोचीच्या डाव्या कडेने आत, उजवीकडे कलती.
मधोमध श्वासाची वाट आहे.
तिथे थेंबभर गेलं तरी संपलं.

पाचवं तसंच गेलं.
काल सकाळी, दुसऱ्या खेपेला.
हात हलला माझा.
एकेचाळीस वर्षं ड्रिल धरलं. ड्रिल सुटलं,
हलणं नाही सुटलं.
चहा बशीत सांडतो त्याचं काही नाही, बशीतून पितो.
पण हे.
नाकातून एक बुडबुडा आला त्याच्या, एवढाच.
नंतर बराच वेळ तळव्यात ऊब होती,
त्याची की माझी, कळेना.

दाब. हळू. आणखी एक थेंब.
गळ्याच्या उजव्या अंगाला बघ,
कातडी इतकी पातळ की जेवण दिसतं, पिवळं.
पिशवी वाटाण्याएवढी फुगली की थांबायचं.
ते ओरडेल. तरी थांबायचं.

तुझं तोंड का उघडं आहे?
असू दे. सगळ्यांचं उघडतं.

दर तासाला, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत.
रात्री नाही, रात्री त्यांनाही झोप हवी.
शाळेत मिसेस ओलेरेन्शॉना सांगून ठेवलंय,
डबा बाकाखाली ठेवायचा,
मोज्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी.
कोणी हात लावू म्हणालं तर नाही म्हण.

गुरुवारी विमान येईल. ॲडलेडला नेतील.
फुप्फुसात काय साचलंय ते बघू म्हणतात.
बघायचं काय त्यात,
जे आयुष्यभर खणलं तेच असणार.
सोमवारी परत येतो मी.

तिसऱ्या आठवड्यात राळ्याचं कणीस टांग आत.
तोवर मी आलेला असेन,
तरी ऐकून ठेव.
आधी नुसती चिवडतील, मग सोलायला शिकतील.
खाली टरफलं दिसली की समज, जमलं.
आणि तरीही तुला पाहिलं की अशीच मान उलटी करून
दहा दिवसांच्या उपाश्यासारखी रडतील.
तेव्हा नळी हातात घ्यायची नाही.
दाराबाहेर उभी राहा. टरफलं मोज.
मला हे अजून जमलेलं नाही,
तुझ्या रोवीना मावशीला विचार,
चाळिशी उलटली तरी मी तिच्या पेट्रोलचे पैसे भरतो.

बरं. पहिलं झालं. पूस त्याची चोच,
सुकलं की दगड होतं.
आता ते घे,
मागे दबलेलं, ज्याचा आवाज येत नाही.
खरं तर त्याला आधी द्यायचं असतं.
सांगायचं राहिलंच बघ.